जैवविघटनशील गृहोपयोगी वस्तू व्यवहार्य आहेत का? त्या विकत घ्याव्यात का?

घर नव्याने लावताना ‘जैवविघटनशील’ (म्हणजे सूक्ष्मजीवांमुळे कुजून जाणाऱ्या) म्हणून विकल्या जाणाऱ्या चादरी, गाद्या, चटया आणि फर्निचर घ्यावे का, व त्यासाठी मोजलेली जादा किंमत वसूल होते का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते कापड आणि गादी यांच्या बाबतीत जरूर घ्यावे, मात्र त्या शब्दासाठी जादा पैसे मोजू नयेत.

मी सोलापूरचा असल्याने चादरीपासून सुरुवात करतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तरी त्या नावाने विकली जाणारी प्रत्येक चादर निव्वळ सुती असतेच असे नाही, कारण पॉलिस्टरमिश्रित सूत स्वस्त पडते. घरी आणल्यावर (दुकानात नव्हे!) उभा आणि आडवा असे दोन्ही धागे काढून काडी लावून पाहावी. सुती धागा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो व बोटांत चुरडणारी मऊ राख उरते. पॉलिस्टर मात्र आक्रसून वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. हा मणी कुजत नाही, मग वेष्टनावर काहीही छापलेले असो.

गादीच्या बाबतीत कापूस आजही सरस आहे. तो दबतो, त्याच्या गाठी होतात, हे खरे. परंतु खोळ उसवून तोच कापूस पिंजून पुन्हा भरता येतो, आणि फोमची गादी एकदा बसली की तिला असा दुसरा जन्म नसतो. काथ्याच्या गादीत काथ्या बहुधा रबराने बांधलेला असतो व वर फोमचा थरही असू शकतो, म्हणून आत काय आहे ते विचारूनच घ्यावी. तागाच्या सतरंजीचीही खालची बाजू उलटून पाहावी, कारण ती घसरू नये म्हणून लावलेला थर अनेकदा कृत्रिम रबराचा असतो. आपल्याकडील कोरडी हवा तागाला मानवते. पावसाळ्यात तेवढी ओल धरू देऊ नये.

मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या पीएलए प्लास्टिकच्या शोभेच्या वस्तूंपासून मी दूरच राहतो. ते नीट कुजण्यासाठी औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातील सुमारे 58 अंश सेल्सियस तापमान बरेच दिवस टिकावे लागते, आणि आपल्या मे महिन्यातील उन्हाळाही तिथवर पोहोचत नाही. परसातल्या खड्ड्यात ते वर्षानुवर्षे तसेच राहू शकते. निव्वळ सुती कापडसुद्धा घंटागाडीतून मिश्र कचऱ्याच्या ढिगाखाली गेले, तर हवेअभावी कुजताना मिथेन सोडते. त्यामुळे फाटल्यावर त्याचे फडके किंवा पायपुसणे करणे अधिक शहाणपणाचे.

पलंग-कपाटाच्या बाबतीत मात्र कुजण्याचा गुण हवा आहे तरी कोणाला? लाकूड वाळवी खाते तेव्हा तेही जैवविघटनच असते, फक्त आपल्या नको त्या वेळी. बांबूचे फर्निचर घेणार असाल, तर त्यावर बोरिक ॲसिड व बोरॅक्सची प्रक्रिया झाली आहे का, हे विचारावे. प्रक्रिया न केलेल्या बांबूत भुंगे शिरून खाली पिवळसर भुकटी पडू लागते. पार्टिकल बोर्डाचे कपाट लाकडाच्या भुशाचे असले तरी तो भुसा सहसा युरिया-फॉर्मल्डिहाइड या कृत्रिम डिंकाने चिकटवलेला असतो. त्यापेक्षा जुने सागवानी कपाट मिळत असेल, तर सुताराकडून दुरुस्त करून घ्यावे.