फुलावरची माशी आणि फळलेले फूल

प्रश्न : ऑस्ट्रेलियातील रानफुलांवर युरोपीय मधमाश्यांची एवढी झुंबड उडते, तर तिथे परागीभवन वाढतच असले पाहिजे. मग पक्ष्यांवर अवलंबून असलेल्या वनस्पतींच्या अभ्यासकांना या माश्या का खटकतात?

उत्तर : झुंबडीवरून परागीभवनाचा हिशेब मांडता येत नाही. माशीचे अंग कुक्षीला, म्हणजे फुलातल्या पराग स्वीकारणाऱ्या टोकाला, लागले का, आणि लागले तर त्यावर कोणत्या झाडाचे पराग होते, हे पाहावे लागते. ग्रेव्हिलिया या ऑस्ट्रेलियातल्या झाडाचे लांब स्त्रीकेसराचे एखादे फूल जवळून पाहा. त्याचा मकरंद तळाशी असतो, तर पराग आणि नंतर पक्व होणारी कुक्षी ही दोन्ही लांब, वाकलेल्या दांडीच्या टोकावर असतात. मकरंद पिणाऱ्या हनीइटर पक्ष्याने तळाशी चोच घातली की ते टोक त्याच्या कपाळावर घासते; मधमाशी मात्र त्या कमानीखालून शिरते, मकरंद पिते आणि टोकाला न शिवता निघून जाते. झाडाच्या दृष्टीने ही सरळ चोरी झाली. जी माशी टोकावरचे पराग गोळा करते, ती ते मकरंदात कालवून मागच्या पायांवर घट्ट गोळी करून बसवते, आणि त्या गोळीतले पराग कुक्षीपर्यंत सहसा पोहोचत नाहीत. शिवाय झाड भरघोस फुललेले असले की माशी तिथेच रेंगाळते. पक्षी मात्र एकमेकांना हुसकावत या झाडावरून त्या झाडावर जातात, आणि ज्यांना दुसऱ्या झाडाचेच पराग लागतात त्या वनस्पतींच्या हे भांडण पथ्यावर पडते.

माशी पक्ष्याची जागा घेऊ शकते का, याचे बोलके उदाहरण न्यूझीलंडमध्ये सापडते. तिथल्या उत्तर बेटावर ऱ्हॅब्डोथॅम्नस नावाचे, नारिंगी नळीदार फुलांचे झुडूप आहे. बेटाच्या उत्तर भागातून त्याचे परागीभवन करणारे बेलबर्ड आणि स्टिचबर्ड हे पक्षी 1870 च्या सुमारास नाहीसे झाले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जिथे हे पक्षी टिकून आहेत अशा लहान बेटांच्या तुलनेत उत्तर बेटावरच्या झुडपांना दर फुलामागे 84 टक्के कमी बिया धरत होत्या. मधमाश्या त्या देशात 1839 पासून आहेत, तरीही ही तूट भरून निघालेली नाही.

तरीही सरसकट माशीला दोषी धरणे मला पटत नाही, कारण उघड्या, उथळ फुलांची काही झाडे पक्षी विरळ झालेल्या ठिकाणी माश्यांच्या आधारानेही बिया धरतात. अमुक झाडाला माशी पुरते का, हे ठरवण्यासाठी त्याच्या काही फांद्यांना माशीला वाट देणारी पण पक्ष्याला अडवणारी जाळी बांधतात, आणि हंगाम संपल्यावर जाळीतल्या व उघड्या फांद्यांवरच्या बिया मोजतात.