नखरेल मांजरासाठी परवडणारं आणि चांगलं वेट फूड पुण्यात कोणतं मिळेल?

मी-ओ किंवा व्हिस्कसच्या साध्या पाउचपासून सुरुवात करा, पुण्यात बहुतेक पेट शॉपमध्ये मिळतात, पण आधी एकेक फ्लेवर सुटा घ्या आणि मांजराने दोन-तीनदा नीट खाल्लं तरच बॉक्स घ्या. आमच्या घरी दोन मांजरं आहेत, त्यातली एक जेली चाटून तुकडे तसेच ठेवते, म्हणजे बरेचदा नखरा ब्रँडचा नसतो, ग्रेव्ही की जेली याचा असतो. भाव बघताना पाउचची किंमत बघू नका, कोणी ७० ग्रॅमचं देतं कोणी ८५चं, १०० ग्रॅमला किती पडतं ते काढा. आणि मागे बारीक अक्षरात 'कम्प्लीट' लिहिलंय का ते वाचाच, 'कॉम्प्लिमेंटरी' असेल तर ते नुसतं तोंडी लावायला, रोजचं जेवण नाही. फ्रिजमधलं थंडगार दिलं तर हुंगून निघून जातात, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, वास सुटला की येतात. घरचं उकडलेलं चिकन (मीठ, कांदा, लसूण काही नको) वरून थोडं चालतं, पण फक्त त्यावर ठेवू नका, टॉरिन (मांजरांना अन्नातून लागणारा एक पोषक घटक) कमी पडतं. एकच, लघवीचा किंवा किडनीचा त्रास असेल तर हे सगळं सोडा आणि डॉक्टर सांगतील तेच द्या, आणि मांजर दिवसभर काहीच खात नसेल तर तो नखरा समजू नका, उपाशी राहिल्याने त्यांच्या लिव्हरवर येतं.