घर बदलल्यावर बोका पलंगाखालून बाहेरच येत नाही

शिफ्टिंगला तीन दिवस झाले, बोका पलंगाखालीच बसून आहे, रात्री सगळे झोपले की जरासं खातो, ओढून बाहेर काढू का असं विचारलंय तुम्ही. अजिबात काढू नका. लपून बसणं हीच त्याची स्वतःला सावरायची पद्धत आहे, आणि रात्री खातोय म्हणजे अजून फार बिघडलेलं नाही.

मला वाटतं तुम्ही त्याला एकदम सगळं घर मोकळं करून दिलंत. त्यापेक्षा एकच खोली द्या, कमी वर्दळीची. एका कोपऱ्यात खाणं-पाणी, लिटर ट्रे त्यापासून लांब, आणि कॅरियर (मांजर न्यायची पेटी) दार उघडं ठेवून तिथेच राहू दे, ती पण त्याला लपायला जागा होते. आणि हो, त्याचं अंथरूण धुऊ नका!! नवीन घरात जायचं म्हणून लोक उत्साहाने सगळं धुऊन काढतात आणि मांजराच्या ओळखीचा तेवढा एकच वास, तोही जातो. मांजराच्या गालाजवळ ग्रंथी असतात, गाल घासून ते आपला वास लावून ठेवतं, तर जवळ यायला लागला की मऊ कापड त्याच्या गालावरून हलकेच फिरवा (आवडत नसेल तर राहू दे) आणि तेच कापड पलंगाचे पाय, दाराची कड इथे त्याच्या नाकाच्या उंचीवर घासा. फिनॉलवालं क्लीनर फरशीला वापरू नका, मांजरांना ते विषारी असतं. फेरोमोन डिफ्यूझरचा (मांजराला शांत वाटावं म्हणून कृत्रिम वास हवेत सोडणारं प्लगला लावायचं यंत्र) काही मांजरांना उपयोग होतो, काहींना ढिम्म फरक पडत नाही, जादू समजून घेऊ नका.

खोलीत जाऊन नुसतं जमिनीवर बसा, फोन बघा, पुस्तक वाचा, त्याच्याकडे टक लावून बघू नका. जेवणाच्या वेळा मात्र जुन्याच ठेवा.

आता थांबायचं कुठे नाही ते सांगते. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर व्हेटला फोन करा, जाड मांजर उपाशी राहिलं तर लिव्हरवर येतं. आणि बोका आहे म्हणून खास, सारखा ट्रेमध्ये जाऊन जोर करतोय पण लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळपर्यंत पण थांबायचं नाही, टेन्शनने मूत्राशयाला सूज येऊन लघवी तुंबू शकते आणि त्यात जीव जातो.

दिवसाढवळ्या खायला लागला, शेपूट वर करून फिरायला लागला की दार उघडा, एकेक खोली दाखवा. बाहेर जायची सवय असेल तरी दोन-तीन आठवडे घरातच, नाहीतर जुन्या घराच्या शोधात निघतो. आणि पहिल्या खोलीतला ट्रे लगेच हलवू नका.