आईच्या जुन्या साड्यांतून अंगावर घालण्याजोगं काय शिवता येईल?

आईच्या दोन इरकली आणि एक काठपदराची रेशमी साडी पडून आहे, टाकवत नाही, तर त्यांचं काय शिवावं, असं तुम्ही विचारलंय. शिवता पुष्कळ काही येतं. फक्त नमुना आधी निवडू नका. कापडात किती जीव उरलाय ते आधी बघा, मग कापडच सांगतं काय होणार ते.

साडी उजेडासमोर धरा. बसायची जागा, निऱ्यांची खालची कड आणि खांद्यावरचा पदर आधी विरतो. मग दोन अंगठे जवळजवळ ठेवून कापड हलकेच ताणा, एकदा उभं, एकदा आडवं. चर्र आवाज आला किंवा सूत सरकून फट दिसली, तर तेवढा भाग सोडून द्या. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली असेल तर ती नेमकी घडीवर चिरते, आजूबाजूचं कापड मात्र ठणठणीत असतं. त्या रेषांवर खडूने खुणा करून ठेवा.

आता शिंपी तुम्हाला हमखास ब्लाउज सुचवेल. जुन्या रेशमाचा ब्लाउज मात्र शिवू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते. सगळ्यात घट्ट कपडा तो, सगळा ताण मुंढ्यावर आणि पाठीवर, वर काखेतला घाम. जीर्ण रेशीम तिथे टिकत नाही. त्यापेक्षा घेरदार परकर किंवा स्कर्ट, नाहीतर बिनबाह्यांचं सैल जाकीट शिवा. आत मलमलीचं अस्तर हवंच, आणि ते बेतण्याआधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं रेशीम फुगतं. बारीक सुई घ्या, टीप थोडी लांब ठेवा, शिवणीबाहेरचं जादा कापड, म्हणजे माया, नेहमीपेक्षा जास्त सोडा. फार दाट टीप घातली की शिवणीच्या रेषेवरच कापड फाटतं.

इरकलीचं अंग सुती असेल तर मजाच. इतक्या धुण्यांनंतर त्याला जो मऊपणा येतो तो नव्या कापडाला नाही. त्याचा कुडता शिवा आणि साडी आडवी घेऊन बेता. म्हणजे साडीचा पन्हा, तिची रुंदी, ही कुडत्याची उंची होते आणि काठ आपोआप खाली घेराला येतो. पन्हा साधारण ४५ ते ४८ इंच असतो, तेव्हा गुडघ्यापर्यंतचा कुडता सहज बसतो. वरचा काठ खांद्याकडे जातो, तो कापून बाह्यांच्या टोकाला आणि गळ्याला लावा. सहावारी साडी ५.५ मीटरच्या आसपास असते, कुडत्याला २ ते २.२५ मीटर लागतात. विरलेला भाग वगळूनही एक कुडता नक्की निघतो, कापड चांगलं असेल तर दोन. बगलेत चौकोनी कळी, म्हणजे कापडाचा छोटा तुकडा, घाला, हात उचलताना शिवण ओढली जात नाही.

इरकलीच्या पदराचं प्रकरण वेगळं. कर्नाटकातल्या इळकलला या साड्या विणतात तेव्हा अंगाचा ताणा (उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगळा असतो आणि दोन्ही एकमेकांत फासे अडकवून जोडतात. तिथले लोक याला तोपे तेनी म्हणतात. पारंपरिक साडीत पदराचा ताणा लाल रेशमाचा असतो, म्हणून धुतल्यावर पदर आणि अंग सारखं वागत नाही. तो जोड मुंढ्यात किंवा कमरेच्या शिवणीत येऊ देऊ नका. मी पदर पूर्ण वेगळा काढते आणि त्याचं जाकीट करते, लाल-पांढरे पट्टे पाठीवर सरळ आडवे येतील असे. फार देखणं दिसतं. लाल रंग जातो का, ते आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा.

उरलेल्या कात्रणांत बाळाची कुंची होते, टोपडं होतं. काठाच्या अरुंद पट्ट्या साध्या सुती ड्रेसच्या खिशाला लावता येतात. शिंप्याकडे देणार असाल तर 'सगळी कात्रणं परत हवीत' हे कापड देतानाच सांगा. मजुरी नव्या कापडापेक्षा जास्त मागितली तरी घासाघीस करू नका. खुणा चुकवत बेतायला त्यांना खरंच दुप्पट वेळ लागतो.

आणि तपासताना एखादी साडी अखंड, धडधाकट निघाली, तर तिला कात्री लावूच नका. ती नेसा.