माइल्स कोणत्या खात्यात जमा करायचे?

वर्षा-दोन वर्षांतून एकदाच मुंबईहून अमेरिकेला मुलांकडे जात असाल, तर आधी माइल्सची, म्हणजे विमानप्रवासावर मिळणाऱ्या आणि पुढे तिकिटासाठी वापरता येणाऱ्या गुणांची, मुदत बघा. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या सदस्य योजनेचे माइल्स ३ वर्षांत बाद होतात. एवढ्या कमी प्रवासात तोवर तिकिटापुरते साठणं कठीण. युनायटेडच्या माइलेजप्लसला मुदत नाही. एअर इंडिया, लुफ्थान्सा, युनायटेड या तिन्ही स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहेत, त्यामुळे यांपैकी कशानेही गेलात तरी माइलेजप्लसचा एकच सदस्य क्रमांक द्या. एमिरेट्स कुठल्याच अलायन्समध्ये नाही. तिचे माइल्स बहुधा वेगळे पडून राहतील.

खरी गोची असते भाड्याच्या वर्गात (इकॉनॉमीतही असे स्वस्त-महाग वर्ग असतात). तिकिटावर त्याचं एक अक्षर छापलेलं असतं. भागीदार कंपनीच्या अगदी स्वस्त वर्गांत माइल्स फार कमी मिळतात, कधी शून्य. म्हणून ज्या खात्यात जमा करणार, त्या कंपनीच्या वेबसाइटवरचा वर्गानुसार माइल्सचा तक्ता पैसे भरण्याआधी पाहा, नंतर नाही.

खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणेच ठेवा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं मधलं नाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, एवढ्यानेही नोंद अडकते. माइल्स खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास जपून ठेवा. राहिलेले माइल्स मागताना तोच लागतो.

आणि फक्त पुणे-दिल्ली ये-जा असेल, तर इंडिगोची ब्लूचिप ही सदस्य योजना पुरे.