परत बाप्तिस्मा नको, पापाचं नाव घे

बाळा, ख्रिस्तात सलाम.

तुझा मेसेज सगळा वाचला. मी मलिन आहे, मी अपात्र आहे, प्रार्थनेला बसलं की तोंडातून शब्द फुटत नाही, आता परत बाप्तिस्मा (ख्रिस्ती होतानाचा पाण्याचा विधी) घेऊ का, एवढं सगळं लिहिलंस पण नक्की केलंस काय ते कुठेच नाही. मला सांगायलाच हवं असं नाही, पण मला दाट शंका आहे की देवापुढेही तू असाच मोघम बोलतोयस.

बाप्तिस्म्याचं आधी निकालात काढतो. बायबलमधलं योहान 13 काढ. येशू पाय धुवायला आला तर त्याचा शिष्य पेत्र आधी नकोच म्हणतो, मग एकदम दुसऱ्या टोकाला, पायच काय, हात आणि डोकंही धू. आणि येशू सांगतो की ज्याची आंघोळ झालीय त्याला पायच धुवायचे असतात. तुझी आंघोळ, म्हणजे बाप्तिस्मा, झालीय रे! जुन्या काळी लोक उलटं करायचे, नंतर पाप झालं तर काय म्हणून बाप्तिस्माच लांबवायचे, कॉन्स्टंटाइन बादशहाने 337 साली घेतला तोही शेवटच्या आजारपणात. घाबरणं तेच, फक्त तू दुसऱ्या बाजूने घाबरतोयस.

आता मुद्द्याचं. नाव घे. "प्रभू, मी फार पापी आहे" ही कबुली नाही, ती लपायची जागा आहे, कारण पापी तर सगळेच, त्यात तुझं असं काय सांगितलंस? खोटं बोललास तर कोणाशी, काय, ते बोल. पैसे घेतलेस तर किती ते बोल. लेवीय 5:5 मध्ये स्पष्ट आहे की ज्या गोष्टीत पाप केलं ती गोष्ट कबूल करायची.

शौल आणि दावीद या इस्राएलच्या दोन्ही राजांच्या तोंडी "मी पाप केलं" हेच आहे, 1 शमुवेल 15 आणि 2 शमुवेल 12 शेजारी शेजारी ठेवून वाच. शौल लगेच पुढे जोडतो की मला लोकांची भीती वाटली, आणि वर म्हणतो वडीलजनांसमोर माझा मान राख. दावीदाने उरीयाची बायको घेतली आणि त्याला मारवलं, तेव्हा त्याच्यासमोर नाथान संदेष्ट्याने उरीयाचं नाव घेतलं, त्याच्या बायकोचं काढलं, तलवार कोणाची तेही काढलं, आणि दावीद एक सबब देत नाही. त्याला तिथल्या तिथे क्षमा मिळाली. परिणाम मात्र भोगावे लागले, मूल गेलं, घरात तलवार शिरली. क्षमा झाली म्हणजे सगळं पूर्वीसारखं होईल असं तुला कोणी शिकवलं असेल तर ते विसर.

आणि नाव घेणं म्हणजे किंमत भरणं नव्हे हं, शुद्ध करतं ते येशूचं रक्त, तुझी आठवणशक्ती नाही. पुढे धर्मसुधारक झालेला मार्टिन लूथर मठात असताना तासन्‌तास कबुली द्यायचा आणि तरी काहीतरी राहिलंच असेल म्हणून तळमळायचा. तसं करू नकोस. एकदा नाव घे, सबब देऊ नकोस, आणि मग त्याच पापासाठी रोज रडणं बंद कर. मोकळं वाटलं नाही तरी. 1 योहान 1:9 मध्ये देव विश्वसनीय आणि न्यायी आहे असं लिहिलंय, तुझ्या वाटण्याचं तिथे काहीच नाही.

माझं सांगतो, कारण कोणीतरी तुझ्या कानावर घालेलच. मी भावाबद्दल वडिलांना खोटं सांगितलं होतं, फार वर्षांनी त्याच्यासमोर बसून शब्दाला शब्द ते बोललो, वडील तोवर गेले होते. त्याने माफ नाही केलं, आजही बोलत नाही. घरचे म्हणतात तू तुझं ओझं उतरवलंस आणि त्याच्या डोक्यावर ठेवलंस. असेलही थोडं तसं. उशीर केला याचं वाईट वाटतं, बोललो याचं अजिबात नाही, त्याला खरं कळायचा हक्क होता की नव्हता? देवाची क्षमा भावाच्या होकारावर अडलेली नव्हती हेही मला तेव्हाच कळलं, नाहीतर मी अजून त्याच्या दाराकडे बघत बसलो असतो. लोक मला कठोर म्हणतात. म्हणू देत. गोड बोलून तुला परत मोघमपणात सोडून देण्यापेक्षा बरं.

हां, दुसऱ्या माणसाकडे जायचं तर त्याचं काय होईल हे आधी बघ, काही गोष्टी बोलून त्याचंच नुकसान होतं, तिथे एखाद्या तोंड बंद ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यासमोर बोल. पण कोणाचं काही घेतलं असशील तर मात्र चर्चा नको. गणना 5:7 मध्ये पूर्ण परत करून वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलंय, आणि जक्कय हा जकातदार तर चौपट परत करतो म्हणाला, तेही येशू त्याच्या घरी आल्यावर, आधी नाही.

पास्टरांना बाप्तिस्म्याची तारीख विचारून बसला असशील तर फोन करून नको सांग. मग दार लावून बस आणि नाव घे.