पाण्याचा दाब वाढला की भूपट्टांच्या सीमेवरचा खडक जास्त पाझरतो का?
हो, आणि बराच जास्त. खडकातल्या भेगा वरच्या भाराने मिटलेल्या असतात. आतलं पाणी त्यांना उलट ढकलतं. भार वजा पाण्याचा दाब, ही वजाबाकी जितकी लहान तितक्या भेगा मोकळ्या. भेग दुप्पट रुंद झाली तर तिच्यातला प्रवाह साधारण आठपट होतो!

कॅस्केडियात, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याखाली, हुआन द फुका भूपट्ट खाली सरकतो. 30-40 किलोमीटर खोलीवर खनिजं तापून पाणी सोडतात आणि दाब साठतो. तिथे साधारण 14 महिन्यांनी मंद घसरण होते, म्हणजे भूपट्ट एकमेकांवरून हळूहळू सरकतात, कुणाला न जाणवता. तेव्हा पाणी निसटतं, मग क्वार्ट्झ हे खनिज साचून भेगा बुजतात, असा अंदाज आहे. मला तो पटतो. कुकरची शिट्टीच म्हणा, फक्त दर वेळी गंजून चिकटणारी.